कागदावर हातभर उंच

मी मूळची उरणच्या बाजूची, मिठागरातच जन्मले म्हना ना, आई पाटीभर मीठ उतरवून आली नि मला जनली असं सांगायची. लगीन होऊन इथं पनवेलच्या खाडीकडल्या गावात आले. नवराही मिठागरातलाच. त्यानं गावाच्या कडेला चार वर्सं दगड वाहून घर बांधलं, नि घर पुरं झालं तसा काविळीनं गेला. म्हंजे आपल्या घरात तो राहिला किती, तर एक पावसाळा. हे आधी सांगते ताई, म्हंजे पुढचं तुमाला समजंल.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला असंल, सरकारनं नवीन शहरासाठी जमिनी घेतल्या नि मोजनीवाले आले. आमच्या गावठानाची हद्द आखायला एक साहेब आला. त्याचं नाव मी घेत नाय. नवऱ्याचंही घेत नसे, पन ते कारन वेगळं. काय सांगू तुमाला त्याचा थाट, डोक्याला टोपी, मागं एक मानूस छत्री धरून, नि छत्रीवाल्याच्या मागं आनखी एक मानूस, तो नुसताच. दुपारचा जेवला माझ्याच ओटीवर. सुक्या बोंबलांचं कालवन होतं, तीनदा भात मागून घेतला, म्हनला बाई, असं जेवन आमच्या घरी होत नाय. दुसऱ्या दिवशी हद्दीचे दगड पुरले, तर माझं घर दगडाच्या भायेर.

आत ते गाव, भायेर ते सरकारचं, म्हंजे पाडायचं. मी धावत गेले, म्हनलं साहेब, दहा पावलं तेवढी वळवा, शेजारचं घर आत नि माझंच कसं भायेर. त्यानं नकाशा पसरला, पेन्सिल टकटक केली नि म्हनला, बाई, इथं रेघ वळवली तर नकाशा वाकडा दिसतो.

एवढंच बोलला. नकाशात राहायचंय कुनाला, हे मला तिथं सुचलं नाय, नंतर सुचलं. घर पाडलं. मी दिराच्या पडवीत आले.

पुढल्या हिवाळ्यात तोच साहेब खाडीकडली खाचरं कुठं उंच नि कुठं सखल ते मोजायला आला. पट्टी धरायला बाई पायजे म्हनला. मी गेले. दीर म्हनला, वैनी, लाज कशी वाटत नाय त्याच्या हाताखाली जायला. मी म्हनलं रोज मिळतो ना. खरं काय ते माझं मलाच ठावं.

पट्टी म्हंजे दोन मानसं उंच लाकडी दांडी, वर आकडे रंगवलेले. साहेब लांब कोरड्या जागेवर तिपाईला दुर्बीन लावून उभा, तो सांगंल तिथं मी पट्टी धरायची, तो आकडा ओरडायचा, छत्रीवाला लिवायचा. मला वाचता येत नाय, पन कान हायेत. आठ दिवसांत कळलं, पट्टी खोलात टेकली की आकडा मोठा, उंचावर टेकली की ल्हान.

एक दिवस जेवताना साहेब छत्रीवाल्याला सांगत होता, आमी साहेब लोक मिळून इथं सोसायटी काढनार हाव, जमीन उंच निघंल तिथं, खाडीचा वारा पन मिळंल, नि उंच जागेला मातीचा भराव थोडाच लागतो. समोर होतं ते खाचर गावात सगळ्यात खोल. अमावस्येचं उधान नि वरून पाऊस, की तिथं कंबरभर पानी. गावातलं शेंबडं पोरही हे सांगंल. पन विचारतो कोन.

जमीन पडीक पडलेली, गवत माझ्या छातीला. साहेबाचे बूट नवे, चिखलात उतरायचा नाय. तो म्हनला खाचराच्या मधे धर, मी चार पावलं बाजूला होऊन बांधावर धरली. पुढं सरक म्हनला, पुढल्या बांधावर धरली. गवतात त्याला काय दिसतंय. तीन दिवस असंच चाललं. सगळं खाचर कागदावर हातभर उंच झालं. साहेबानं खाली सही केली, दोनदा केली, एक मराठीत नि एक इंग्रजीत.

तिथंच सोसायटी झाली. भराव टाकला तो नावाला. साहेबानं तळमजला घेतला, बाग पायजे म्हनून. मी तोवर मासळी विकायला लागले होते. पहिल्या मोठ्या उधानाला पाटी रिकामी होती, तरी मी गेले. साहेब जेवायच्या टेबलावर बसलेला, पाय वर घेऊन, नि बूट हातात. खाली पानी, पान्यात त्याची चप्पल फिरतेय. ताई, मी पोटभर बघितलं.

मंग त्यानं अर्ज केला, आपल्याच कचेरीत. उत्तर आलं की आपल्या सहीच्या कागदाप्रमानं ही जमीन उंच हाय, इथं पानी साचत नाय. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं, बांगडे घेताना. तिनं विचारलं, मावशी, तुमी इथल्या, आधी इथं पानी यायचं का? मी म्हनलं, बाई, साहेबांनी मोजलंय, त्यांना जास्ती ठावं.

शेजारी एक म्हातारी मास्तरीन राहते, तिच्याही घरात पानी जातं, त्याचं मात्र वाईट वाटतं. तिला मी पसाभर कोलंबी वर घालते. त्यानं काय भरून येत नाय, म्हायती हाय मला.

आता साहेब रिटायर झाला, गुडघे धरतो, घर विकायला काढलंय. बघायला येतात ते भिंतीवरची पान्याची खून बघून चहाही घेत नायत. जाऊबाई म्हनते, झालं ना आता, सोड. मी कुठं त्याचं वाईट मागते? देवानं त्याला शंभर वर्सं आयुष्य द्यावं, गुडघे बरे करावेत, नि ते घर काय त्याचं विकलं जाऊ नये.