पहिली लुखमी

...आन् वर आई मलाच म्हणते, ‘तू कढईला हात लावू नको!’ मला! अहो, खिमा मी आणला, मी शिजवला, मैदा मी मळला, हाताला गोळे आले माझ्या, आन् कढई तेवढी चढवायची न्हाई? मी सख्खा भाऊ हाय का न्हाई?

तुम्हाला सांगतो, ही लुखमी काय साधी चीज न्हाई. तुम्ही म्हणाल समोसा. समोसा न्हाई. तुम्ही म्हणाल करंजी. अहो करंजीत खिमा घातला तर माझी आई मला घराबाहेर काढील! लुखमी म्हणजे चौकोनी. चपटी. वरून खुसखुशीत, पापुद्रे सुटलेले, आन् आत खिमा. आमच्या देगलूरला लग्नाच्या दावतीत असते. माझा दादा, दयानंद, दावतीच्या आचाऱ्याच्या हाताखाली होता, तिथं शिकला. मग घरी करायला लागला. आईला मटण घरात चालत न्हाई, म्हणून अंगणात गॅसची शेगडी मांडायची, वेगळी कढई, वेगळा झारा. दादा तळायला बसला की आख्खी गल्ली नाक वर करून फिरायची.

आन् पहिली लुखमी कुणाला? मला? सख्ख्या भावाला? न्हाई! मल्लिनाथला!

आता हा मल्लिनाथ कोण? दादाचा दोस्त. तेलाचं दुकान हाय त्याचं चौकात. लिंगायत माणूस, मटणाला शिवत न्हाई, अंडं दिसलं तरी रस्ता बदलतो. मग त्याला लुखमी कशाला, म्हणाल तुम्ही. मीबी तेच म्हणायचो! तर दादा काय करायचा... तेल तापलं, कोरं तेल, अजून त्यात मटणाचा म सुद्धा पडलेला न्हाई, की एक रिकामी लुखमी सोडायचा. आत काहीच न्हाई. नुसती हवा. ती फुगून टम्म वर यायची, की काढून फुंकर मारून मल्लूच्या हातात. ‘खा रे, तुझी.’ आन् मल्लू डोळे मिटून खायचा, जसं काय प्रसाद! आन् मला काय? लुखमी चौकोनी कापताना कडेचे काठ निघतात ना, वाकडेतिकडे, ते तळून माझ्या पुढं टाकायचा. ‘शिवा, तू तोवर हे चघळ.’ काठ! सख्ख्या भावाला काठ, आन् दोस्ताला पहिली लुखमी! मी सख्खा भाऊ हाय का न्हाई?

तर... दादा गेला. नांदेडच्या रस्त्यावर गाडी घसरली. त्याच्यावर मी बोलत न्हाई. मुंडण मी केलं, पाणी मी दिलं, टक्कल बघा अजून, केस आलेत पण उभेच ऱ्हातेत, झाडूसारखे. बोलत न्हाई मी त्याच्यावर. लुखमीवर बोलून राहिलो.

आमच्याकडं काय हाय, घरातलं माणूस गेलं की कढई चढत न्हाई. तळण बंद. दिवाळी गेली, पापड सुद्धा तळला न्हाई. कढई आपली खिळ्याला पालथी. मग एक दिवस पहिलं तळण काढायचं, की दुःख उतरलं म्हणायचं. मी म्हणलं, आई, दादाची कढई पुरीनं न्हाई चढायची, लुखमीनं चढंल, आन् मी चढवणार. तर आई म्हणली, ‘लुखमीनं चढू दे. पण तू न्हाई. पहिली कढई परक्याच्या हातानं चढती. घरच्यानं चढवली तर दुःख घरातच फिरत राहतं.’

‘आई, मी सख्खा भाऊ हाय का न्हाई?’

‘हायस. म्हणून तर न्हाई.’

घ्या! आता हिच्यावर काय बोलता तुम्ही? सख्खा म्हणून मुंडण, सख्खा म्हणून पाणी, आन् तळायची येळ आली की सख्खा म्हणून बाजूला! बरं, परका कोण? तर म्हणते, ‘मल्लूला बोलव.’

मल्लूला! अहो, दुनियेत दुसरा परका न्हाई का? चौकात रिक्षावाले उभे हायेत, सगळे परके!

तर आला मल्लिनाथ. दुकानातलं नवं तेल घेऊन आला. आल्या आल्या, ‘अव्वा, बसा तुम्ही, मी बघतो.’ अव्वा! माझ्या आईला अव्वा, म्हणजे आईच म्हणतो. आन् मला काय म्हणतो माहिती का? ‘तम्मा, सर की जरा.’ तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी कधी झालो ह्याचा धाकटा भाऊ? मला एकच दादा होता, आन् त्यो मला शिवा म्हणायचा, आन् डोक्यात टपली मारायचा. ह्यानं टपली मारून बघावं, हात मोडीन!

मी लाटलेल्या लुखम्या त्यानं बघितल्या. एक लांबडी, एक गोल, एक तर देगलूर तालुक्याच्या नकाशासारखी. सुरी घेतली आन् खिम्याला बोट न लावता कडा कापायला लागला. सरळ. चौकोनी. तसंच, हो, तसंच अंगठा दाबून, मान वाकडी करून, जीभ जरा बाहेर... ही मान दादाची! ही जीभ दादाची! हे ह्यानं कधी उचललं? मी इतकी वर्षं शेजारी बसलो, तर मी काय उचललं? काठ!

मग शेगडी पेटली. कढई चढली, त्याच्या हातानं. तेल ओतलं. तेल तापलं. आई भिंतीला टेकून बघत होती. मी हाताची घडी घालून उभा, तोंड कडू. आन् मल्लूनं काय करावं? एक लुखमी झाऱ्यावर घेतली, कढईवर धरली... आन् धरूनच राहिला. सोडंना. मी म्हणलं, ‘आरं सोड की, तेल जळून राहिलं!’ तर त्यानं ती परत ताटात ठेवली. म्हणला, ‘अव्वा, पहिली त्यो माझी काढायचा. मी कशी सोडू?’ आन् खाली बसला. गॅस बंद केला आन् रडला हो! असा रडला, अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. मी सुद्धा एवढा रडलो न्हाई. म्हणजे... लोकांसमोर.

आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणली, ‘कढई उतरव रे. तू कुठला परका? तुझ्या हातची चालायची न्हाई.’

घ्या! झाला ह्योबी सख्खा! मुंडण न्हाई, पाणी न्हाई, नुसता रडला आन् सख्खा!

आता परकं कुठून आणायचं? आई उठली, भिंतीपाशी गेली आन् हाक मारली, ‘पार्वतीबाई!’ अहो, शेजारच्या पार्वतीबाईचं आन् आमचं सांडपाण्याच्या नालीवरून बोलणं बंद हाय! दादाच्या मातीला आली, तरी तोंड आमच्या विरुद्ध बाजूला. तिच्याएवढं परकं माणूस आख्ख्या देगलुरात न्हाई. आली. पदर खोचला. ‘काय तळायचंय ते लवकर सांगा, मी घरी कुकर लावलाय.’

कढई चढवली, गॅस पेटवला. झारा घेतला. खिम्याची लुखमी उचलली आन् सोडणार, एवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘थांबा! पहिली रिकामी!’

सगळे बघायला लागले. कुणाकडं? माझ्याकडं! मीच ओरडलो होतो. का ओरडलो? मला काय माहिती! तोंडातून निघालं. आता निघालंच तर काय करता, बसलो, एक लाटली, मधी काहीच न्हाई, कडा दाबल्या, दिली पार्वतीबाईच्या हातात. ती म्हणली, ‘आत काय न्हाई की रे ह्यात, येडा झालास का?’ मी म्हणलं, ‘तुम्ही सोडा.’

फुगली हो. टम्म! दादाची फुगायची तशी. मी काढून घेतली, फुंकर मारली, बोटं भाजली, आन् मल्लूच्या हातात दिली. ‘खा रे. तुझी.’

डोळे मिटून खाल्ली त्यानं. एक तुकडा सुद्धा विचारला न्हाई मला!

मग पार्वतीबाईनं बाकीच्या तळल्या. अर्ध्या करपवल्या, अर्ध्या फोडल्या, माझा खिमा तेलात पोहून राहिला. आईनं त्यातली एक खाल्ली. खाल्ली, एवढंच सांगतो.

आन् मी? मी बसलो होतो पायरीवर. तर मल्लू आला, बाजूला बसला आन् माझ्या पुढं काय सरकवलं? काठ! कापलेले काठ, तळून! म्हणला, ‘तम्मा, तू तोवर हे चघळ.’

लई राग आला मला. लई.

चघळले.