चोथ्याची साखर

आजोबांची दाढ ठणकत होती, पण कान शाबूत होते. दवाखान्याच्या बाकावर ते शेजारच्या मावशी-भाचीकडे हळूच सरकले.

“मावशी, माझी बरणी उकळलीस? त्यातलं एन्झाइम नारळाच्या चोथ्याची साखर करत होतं गं! उकळलं की ते संपतं. उद्या प्रयोगशाळेत साहेबांना काय दाखवू, कपाळ?”

“कोमट होती, नासली असती. आणि कसली मेली साखर?”

“पोटातल्या चांगल्या जंतूंचा खाऊ.”

“म्हणजे गिळायचं मी, जेवायचं त्यांनी!”

“उकळलीस कधी?”

“सकाळी, चाखून. रात्री नुसता भुसा लागत होता, सकाळी किंचित गोड.”

“गोड? अगं, मग साखर झाली होती! आज मीही उकळूनच थांबवणार होते.”

“आजोबा, आत या,” नर्सने दारातून हाक मारली.

आजोबा जागचे हलले नाहीत. “थांबा हो! मावशी, चाखण्यापुरतं उरलंय का?”