बेडशाची लेणी राहिली ती राहिलीच

लोखंडी नांगर विकायला मी मावळात फिरायचो तेव्हाची गोष्ट सांगतो. एकदा कामशेतचं काम सकाळीच आटोपलं. परतीची गाडी संध्याकाळी, म्हणून म्हटलं, बेडशाची लेणी पाहून येऊ. गावात शिरलो तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं वाटच अडवली.

"तुमीच ना नांगरवाले? आमचा नांगर सरळ चालंना."

"आबा, आधी लेणी बघून येतो."

"लेणी काय पळून जात्यात व्हय? पेरणी मातर हुकंल!"

कोट काढला, नांगर खोलला. तो दुरुस्त होईतो आणखी चार जण आपापले नांगर घेऊन उभे! शेवटचा आवळला तेव्हा गाडीची वेळ झालेली. चरफडत स्टेशनकडे पळत सुटलो, तर मागून आबा ओरडले, "लेणी न बघताच चाललात? तुमा शहरातल्यांना कशाची हौसच न्हाई!"