बाईंना अडवायला शिकले, तेव्हा

जमलेल्या मंडळींनो, बाईंच्या लेकरांनो,

बाईंना निरोप द्यायला उभी राहिलेय. जरा सांभाळून घ्या.

मी निमोण्याची. शिरूरच्या शाळेत बाईंनी मला इंग्रजी शिकवलं. पुढं पीएचडीला इंग्लंडला गेले आणि पहिल्याच वर्षी अडकले. इंग्रजी कच्चं नव्हतं हो. खोड दुसरीच होती. आपल्याकडं मोठ्यांना उलटून बोलायचं नसतं. गाईड काही म्हणाले, की मी मान डोलवायची. कळलं नाही तरी हो. पटलं नाही तरी हो. शेवटी त्यांनी बजावलं, वार्षिक तपासणीतही अशीच राहिलीस तर घरी जावं लागेल.

बाईंना रडत फोन केला. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, रोज संध्याकाळी फोन कर. मी इंग्रजीत मुद्दाम चुकीचं सांगणार, तू मला अडवायचं.

बाईंना अडवायचं? मी? आठ दिवस बाई सांगत होत्या, घोड नदी डोंगर चढून वर जाते. आणि मी म्हणत होते, येस बाई!

नवव्या दिवशी बाई चिडल्या. चिडल्या की त्या थेट गावच्या बोलीवर यायच्या. "अगं, तुझं काम तुझ्याइतकं कुणाला ठावं हाय? मंग गप का बसतीस? गप बसणं म्हंजी मान देणं न्हवं."

त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. इंग्रजीत, कारणासकट. बाई खळखळून हसल्या.

मग माझ्याबरोबरची व्हिएतनामची मुलगी फोनपाशी येऊन बसू लागली. मागोमाग इथिओपियाचा मुलगा. त्यांच्या घरीही हीच रीत. तेही 'बाई'च म्हणायचे. सत्तरी उलटलेल्या बाई शिरूरच्या ओट्यावर बसून तीन देशांच्या पोरांशी भांडत होत्या! शेजारच्या आप्पांना वाटायचं, बाईंचं कुणाशी तरी वाजलंय.

तपासणीत एक प्रोफेसर म्हणाले, तुझं मोजमाप चुकलंय.  मी म्हणाले, सर, मला पटत नाही, आणि का ते दाखवते. पाऊण तास बोलले. पास झाले. ती दोघंही झाली. आज आम्ही तिघंही डॉक्टर आहोत, मंडळी. हे सांगताना माझी मान ताठ आहे.

शेवटच्या दिवसांत बाई वरवंडच्या एका मुलीला असंच अडवायला शिकवत होत्या. ती आता जर्मनीला निघालीय. तिचा वर्ग बुडाला नाही, तो मी घेतेय. काल ती मला तोंडावर म्हणाली, ताई, तुमचं चुकतंय.

चूक खरंच माझी होती.

बाई, तुम्ही जिंकलात. चला, बाईंसाठी दोन मिनिटं उभे राहूया.