धरण्याचे वीस प्रकार

सून : पुन्हा चुकलात, बाबा. ‘क्लॅम्प’ म्हणजे आवळून बसवणं. ‘क्लिंग’ म्हणजे बिलगणं.

मिस्त्री : दोन्हीत धरलेलंच असतं ना?

सून : धरलेलं सगळ्यातच असतं. वीसच्या वीस इंग्रजी शब्द धरण्याचेच आहेत. ग्रिप, ग्रॅब, ग्रास्प, क्लच, होल्ड...

मिस्त्री : एवढं धरून ठेवावं लागतं म्हणजे या लोकांच्या हातून फार काही निसटत असणार.

सून : हसवू नका हो. उद्या कंपनीची सुरक्षा परीक्षा आहे. वीसपैकी बारा आले नाहीत तर बांधकामाच्या परांचीवर पाय ठेवू देणार नाहीत. गेटवर बसवतील, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घ्यायला.

मिस्त्री : एकतीस वर्षं परांची बांधतोय मी. माणूस सोड, विटेचा तुकडासुद्धा पडला नाही माझ्या परांचीवरून.

सून : ते त्यांनी विचारलेलंच नाही.

मिस्त्री : तेच म्हणतोय. हातच्या कांकणाला आरसा मागतायत, आणि तोही इंग्रजी.

सून : बरं, हे बघा. बरणीचं झाकण. हे मी आता काय करतेय?

मिस्त्री : टाइटन.

सून : वा! आणि दोरीवरच्या कपड्यांना चिमटा लावते ते?

मिस्त्री : क्लिप.

सून : आणि आपली धाकटी सकाळी शाळेत जाताना माझ्या पायांना काय करते?

मिस्त्री : भोकाड पसरते.

सून : त्याच्या आधी!

मिस्त्री : बिलगते... क्लिंग!

सून : शाबास. माझ्या पहिलीच्या वर्गापेक्षा तुम्ही बरे. निदान पेन्सिल तरी खात नाही. बाबा, कुकरच्या मुठीवर ही पांढरी रेघ कुणी ओढली?

मिस्त्री : मी. स्क्रू ढिला झाला होता, आवळला. आवळला की स्क्रूवरून मुठीवर एक सरळ रेघ ओढायची. रेघ जुळेनाशी झाली की समजायचं, स्क्रू फिरला. परांचीवर माझ्या प्रत्येक नटावर असते. नुसतं बघून कळतं.

सून : मग हे सांगा ना त्यांना उद्या.

मिस्त्री : वीस शब्दांत रेघ कुठाय? सूनबाई, खरं सांगू? गेटवर बसायची मला लाज नाही. पण माझ्यामागे जो वर जाईल, तो रेघ मारेल का? त्या परांचीवर चाळीस माणसं चढतात रोज. याचाच घोर लागलाय मला.

सून : मग बारा पाठ करा. चला. ‘ग्रॅब’?

(दुसऱ्या दिवशी. केबिनमधली तोंडी परीक्षा आटोपली आहे. मिस्त्री आणि सुरक्षा विभागाचे साहेब जिन्याने परांचीच्या तिसऱ्या टप्प्यावर पोचले आहेत.)

साहेब : तोंडी परीक्षेत नऊ. आता प्रात्यक्षिक. त्यात उमेदवाराने... मिस्त्री, ही फळी हलतेय का?

मिस्त्री : फळी नाही साहेब, तुमचे पाय हलतायत.

साहेब : मी इथे पहिल्यांदाच येतोय. म्हणजे, या परांचीवर.

मिस्त्री : आणि बाकीच्या परांच्यांवर?

साहेब : नियम नकाशावरून होतात. प्रत्यक्ष चढण्याची... अहो, खाली माणसं एवढी लहान का दिसतात?

मिस्त्री : केबिनमधूनही तशीच दिसत असतील की. खाली बघू नका. साहेब, पट्टा नवाकोरा बांधलाय, पण हुक लोंबतोय तुमचा.

साहेब : अं? तो कशात अडकवायचा?

मिस्त्री : या पाइपात. यादीतला पहिलाच शब्द. केबिनमध्ये काही केल्या आठवला नाही बघा, आता आठवला. फासन, म्हणजे पक्कं अडकवणं. थांबा, मीच अडकवतो.

साहेब : धरा! मला धरा!

मिस्त्री : कसं धरू? ग्रिप करू, ग्रॅब करू, का ग्रास्प?

साहेब : काहीही करा हो, पण धरा!

मिस्त्री : धरलंय. घाबरू नका. आता तुम्ही माझी बाही मुठीत आवळलीय ना, ते क्लच. बरोबर?

साहेब : बरोबर, बरोबर!

मिस्त्री : आणि दुसऱ्या हाताने पाइपाला मिठी मारलीत ते क्लिंग. माझी नात रोज सकाळी करते.

साहेब : वीस! वीसपैकी वीस देतो, मला खाली न्या!

मिस्त्री : नेतो. आधी पाइप सोडा. हुक मी काढतो. तो नट बघा. पांढरी रेघ दिसते?

साहेब : दिसते.

मिस्त्री : जुळलेली आहे?

साहेब : आहे.

मिस्त्री : म्हणजे काही हललेलं नाही. तिच्याखाली दुसरी आहे. एकेका रेघेवर नजर ठेवून उतरायचं. हं, हा पाय. आता दुसरा.

साहेब : ही रेघ... कुठल्या नियमात आहे?

मिस्त्री : माझ्या. उतरा.

साहेब : आली का जमीन?

मिस्त्री : आली. डोळे उघडा.

साहेब : हं. एकंदरीत, मिस्त्री, तुमचा अनुभव दांडगा आहे. त्याची योग्य ती नोंद घेतली जाईल. मात्र तोंडी परीक्षेत नऊच असल्याने नियमाप्रमाणे तुम्ही नापास. उद्यापासून गेट.

मिस्त्री : आत्ता वर तुम्ही वीस म्हणालात.

साहेब : उंचीवर केलेलं विधान अधिकृत मानता येत नाही. नियम सर्वांना सारखा. माझी फाइल द्या, शेरा लिहून टाकतो.

मिस्त्री : फाइल वर राहिली. तिसऱ्या टप्प्यावर, फळीवर.

साहेब : वर? अहो, सगळ्या मिस्त्र्यांचे निकाल आहेत तिच्यात! चार वाजता मोठ्या साहेबांपुढे ठेवायचेत. जा, पटकन घेऊन या.

मिस्त्री : मी नापास, साहेब. नापास माणसाने परांचीवर पाय ठेवायचा नाही. तुमच्याच सहीचा बोर्ड लागलाय तिथे.

साहेब : मग दुसऱ्या कुणाला पाठवा.

मिस्त्री : बाकीच्यांचे निकाल फाइलीत, आणि फाइल वर. या घटकेला इथे पास झालेले तुम्ही एकटेच.

साहेब : ...वारा सुटलाय का हो?

मिस्त्री : सुटलाय थोडासा.

साहेब : ठीक आहे. वीस लिहितो.

मिस्त्री : वीस नकोत. घरी सुनेला तोंड दाखवायचंय. केबिनमध्ये नऊ आले. तिथे अडलेले तीन वर तुम्ही करून दाखवलेत, मी नावं सांगितली. फासन, क्लच, क्लिंग. झाले बारा.

साहेब : बारा. पास. जा आता.

मिस्त्री : आणि नटावरची रेघ नियमात घाला. मी आज आहे, उद्या नाही. रेघ राहिली पाहिजे.

साहेब : घालतो! कुठल्या रंगाची?

मिस्त्री : पांढरी. तुम्हाला दिसली तशी.

साहेब : घालतो म्हटलं ना. अहो, चार वाजत आलेत, जा की लवकर!

मिस्त्री : निघालोच, साहेब. तेवढी माझी बाही सोडा.