वन्सं आणि जटावाल्यांचं गाणं

तुम्हीच सांगा बायांनो, राग येणार नाही का? श्रावणी सोमवार होता आणि माझ्या थोरल्या नणंदबाई औशाहून आल्या होत्या. आमची नवी सून मोबाईलवर एका जटावाल्या गायकाचं रेगे गाणं लावून साबुदाणा परतत होती. वन्सं कडाडल्या, "बंद कर ते जटावाल्या गांजेकसांचं. उपासाचा दिवस हाय."

पोरीनं मुकाट्यानं बंद केलं, पण डोळे भरले तिचे. लग्नाला महिना नाही झाला, माहेरची तेवढीच सवय तिनं सोबत आणलेली. मला राहवेना. म्हटलं, "काय असतं गं त्या गाण्यांत?"

ती हळूच म्हणाली, "आई, आफ्रिकेतनं जमैकात गुलाम करून नेलेल्यांच्या लेकरांनी गरीब वस्त्यांत ही गाणी बांधली. लई गाणी देवाचीच हायत. त्यांच्यातले भक्त जटा राखतात, मांस खात न्हाईत. काहीजण तर मीठबी न्हाई."

"ऐकलंत वन्सं?" मी म्हटलं. "जटा अन् गांजा तर आपल्या महादेवालाही चालतो. यांतले काही तर जन्मभर अळणी खातात. आपण नावं कुणाला ठेवून राहिलो?"

वन्सं खिचडी खायला बसल्या. खिचडीत मीठ कमी पडलं होतं, पण त्यांनी ते मागितलं नाही.