मधल्या घराची भिंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय नगराध्यक्ष महोदय, पर्यटन समितीच्या सभापती बाई, व्यासपीठावरील इतर मान्यवर, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण इथे जमलो आहोत ते आपले टेपवाले साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि इतकी वर्षं त्यांचं उशिरा घरी येणं सोसणाऱ्या वहिनी, कारखान्यातले माझे जुने सहकारी, काठावरच्या ओळीतले माझे शेजारी, आणि मागे आइस्क्रीम हातात धरून उभे असलेले, बहुधा चुकून आत शिरलेले प्रवासी मित्रहो, सर्वांना माझा नमस्कार.

प्रवासी मित्रांनी बसून घ्यावं. खुर्च्या रिकाम्या आहेत. आइस्क्रीम खाली सांडू नये.

मला दिलेल्या वेळातला बराचसा वेळ आधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या साधेपणावर बोलण्यात घालवला. मी साधेपणावर बोलणार नाही. साहेब साधे वगैरे काही नाहीत, हट्टी आहेत. मीही हट्टी आहे. आणि माझ्या घरात माझ्याहून हट्टी असा एक माणूस आहे. आज जे सांगायचं ते या तीन हट्टांबद्दल आहे.

आधी वर बघा. छताला ते लोखंडी आकडे दिसतात ना, ज्यांना आज हे सुंदर दिवे टांगले आहेत? त्यांना ओली कातडी टांगलेली असायची. आपण बसलो आहोत ती वाळवणीची शेड. बाहेर मुलं कमळं मोजत पळताहेत ते चुन्याचे हौद. त्यात कातडी भिजत घालायची, केस गळून पडायचे, आणि हौदातलं पाणी सरळ नदीत सोडायचं. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. ते पाणी मी रोज तपासत असे. त्यात काय होतं ते आज सांगत नाही, काही लोकांनी आत्ताच जेवण केलं आहे.

हौदांवरचे फोरमन म्हणजे आमचे हे. तिसऱ्या रांगेत बसले आहेत, हातात रुमाल. त्यांचं काम नाकाचं होतं. कातडं हौदातून कधी काढायचं हे ते वास घेऊन ठरवत. मी काचेच्या नळ्या घेऊन खाली जायची, तर हे वरून ओरडायचे, "ए लॅब, तुझं पाणी निळं होईपर्यंत माझं कातडं बूट होऊन दुकानात जाईल!" कधी त्यांचं बरोबर निघे, कधी माझं. ज्या दिवशी माझं बरोबर निघालं त्या दिवशी त्यांनी मला मागणी घातली. त्यांचं म्हणणं, शत्रू घरात असलेला बरा.

अशी मी काठावरच्या ओळीत राहायला आले. एकाला एक लागून घरं, सगळ्यांवर मिळून एकच छप्पर, आणि आमचं घर बरोबर मधलं. नदी माझ्या पलंगापासून एका भिंतीच्या अंतरावर होती. पण अध्यक्ष महोदय, नदी किती रुंद आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला खरं वाटणार नाही. आमच्या सगळ्या घरांची पाठ नदीकडे होती. वास आम्हाला येत नसे. बाहेरचा पाहुणा दारातच नाकाला हात लावायचा, आणि आम्ही विचारायचो, "सर्दी झालीय का?" पण डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. पुलावरून जायची वेळ आली तर मान खाली घालून, डोळे बारीक करून जायचं. नदी ही बघायची गोष्ट आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आमची मुलगी दोन वर्षांची असताना तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मागच्या खोलीला नदीकडे एक खिडकी होती. झडपा खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या, तरी फटींतून वाफ यायचीच. फोरमननी सुट्टी काढली, विटा आणल्या आणि ती खिडकी स्वतःच्या हाताने बुजवली. वरून जाड गिलावा. शिट्टी थांबली. ते पाहून डावीकडच्यांनी बुजवली, उजवीकडच्यांनी बुजवली, आणि बघता बघता सगळी ओळ नदीकडून आंधळी झाली. त्या भिंतीवर फोरमन कधी खिळासुद्धा ठोकू देत नसत. म्हणायचे, "ही भिंत नाही, पोरीची छाती आहे."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कारखाना बंद पडला. काही वर्षं नुसती गंजकी फाटकं आणि भटकी कुत्री. मग नदी स्वच्छ करायच्या कामावर साहेब आले. पहिल्या दिवशी आले ते हातात लांबलचक टेप घेऊन, आणि एक शब्द न बोलता माझं अंगण मोजायला लागले. मी म्हटलं, "शिंपी आहात का?" ते म्हणाले, "नाही बाई, नदीचं माप घेतोय." मी म्हटलं, "नदी पलीकडे आहे. हे माझे पापड आहेत." तेव्हापासून ते टेपवाले साहेब.

त्यांनी नाले वळवले, मोठी गटारं बांधली, तळाचा काळा गाळ वर्षानुवर्षं उपसला. आणि मग एका आठवड्यात एक चमत्कारिक गोष्ट घडली. आमच्या दवाखान्यात रांग लागली. डॉक्टरीणबाई समोर बसल्या आहेत, त्यांना विचारा. प्रत्येकाची तक्रार एकच, "बाई, माझं नाक गेलं." काय झालं होतं? वास गेला होता. नदीचा वास. आम्हाला जो येत नाही असं आम्ही शपथेवर सांगत होतो तो वास नाहीसा झाला, आणि अख्ख्या वस्तीला वाटलं की आपण आजारी पडलो! जगात कुठे असं झालं असेल का? डॉक्टरीणबाई एकेकाला डोळे मिटायला सांगून संत्र्याची साल हुंगवत होत्या आणि घरी पाठवत होत्या. एकच रोगी बधला नाही. फोरमन म्हणाले, "संत्रं ओळखलं, पण डोळे मिटायच्या आधी ते तुमच्या टेबलावर पाहिलं होतं. ही परीक्षा मी मानत नाही."

हसू नका. त्या माणसाची सगळी अब्रू नाकात होती. त्यांनी मनाशी पक्कं धरलं की नदी आहे तशीच आहे, नाक मात्र मेलंय. म्हणजे विष आहे आणि आता ते कळायचाही मार्ग उरला नाही.

नेमकी त्याच वेळी पर्यटनाची योजना आली. नदीकडे पाठ असलेली सगळी बांधकामं काढून टाकायची, असं त्यात होतं. समितीने हे कलम घातलं तेव्हा तिथे माणसं राहतात हे समितीला आठवलं नसावं. सभापती बाई तेव्हा समितीवर नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. साहेबांनी ते कलम वाचलं आणि आमच्या अंगणात येऊन म्हणाले, "पाठ असेल तर पाडायचं लिहिलंय ना? मग तोंड करा. प्रत्येक घराला नदीकडे खिडकी पाडा. तोंड असलेलं घर पाडा असं कुठेही लिहिलेलं नाही."

महिन्याभरात ओळीने खिडक्या उघडल्या. छिन्न्यांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पण छप्पर एक, म्हणून कागदावर इमारत एक. एका घराची पाठ तशीच राहिली तर सगळी ओळ पडणार. आणि मधलं घर उघडायला तयार नव्हतं.

शेजारी आले, विनवून गेले, मग भांडून गेले. "फोरमन, तुमच्या एका नाकापायी आम्ही सगळे रस्त्यावर?" मी साहेबांकडून नदीचं पाणी मागवून स्वतः तपासलं, निकाल समोर ठेवले. म्हणाले, "ए लॅब, तू काल शिकलीस, ही नदी मी जन्मभर ओळखतो." मग मी साहेबांना गाठलं आणि म्हटलं, "पाहणीच्या कागदावर खिडकी आहे असं लिहून सही करा. कोण मोजायला येतंय?" साहेब म्हणाले, "मी येतो ना मोजायला. बाई, तुम्ही प्रयोगशाळेत कधी आकडा बदलला होता?" मला फार राग आला. कारण खरं उत्तर 'कधीच नाही' असं होतं.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसू लागले. खिडकीचं नाव काढत नसत. दोघं त्या भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि बुटांच्या कातड्यावर बोलायचे. पाहणीच्या आदल्या संध्याकाळी आमची मुलगी, आता मोठी झालेली, घरी आली होती. साहेब म्हणाले, "फोरमन, सगळे निकाल बाजूला ठेवू. मला तुमचं नाक चालेल. एक वीट काढा. वास घ्या. वाईट आला तर मी माझ्या हाताने ती वीट परत बसवीन."

"आणि ओळ?"

"ओळ पडेल. पण विषावर खिडकी उघडायला मी सांगणार नाही."

फोरमन म्हणाले, "अहो साहेब, नाकच नाही तर वास कुठून घेऊ?"

तेव्हा मुलगी उठली. म्हणाली, "बाबा, वीट काढा. मी घेते वास."

जिच्या छातीसाठी ती भिंत होती, ती! फोरमननी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं आता हे रडतील नाहीतर मारतील. दोन्ही केलं नाही. छिन्नी घेतली. गिलावा पडला, वीट हलली, बाहेर आली. मुलगी पुढे झाली तशी त्यांनी तिला हाताने मागे ढकललं आणि आपलं तोंड त्या भोकाला लावलं. विष असेल तर आधी मला, तिला नाही. इतका साधा हिशोब होता. जे आमच्या विनवण्यांनी झालं नाही, ते असं झालं.

तोंड लावलं ते काढेनातच. मी म्हटलं, "काय येतंय?"

"गप."

मग भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "ओलं येतंय. शेवाळ. भिजलेलं लाकूड. आणि पलीकडे कुणीतरी गवत कापलंय."

पलीकडे! आम्हा मधल्या घरातल्यांना पलीकडे काय आहे ते ठाऊक नव्हतं. त्या माणसाने पलीकडचा काठ डोळ्यांनी पाहायच्या आधी नाकाने पाहिला. मग वळले, आणि साहेबांच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमच्या बुटांना पॉलिश फार वाईट आहे हो. इतके दिवस माझ्याशेजारी बसत होता?"

मग मुलीला जवळ ओढून म्हणाले, "ये. आता घे वास."

पाण्याला वास नसतो असं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. शुद्ध पाण्याला नसतो, ते आजही खरं आहे. पण नदीला असतो. रातोरात नव्हे, साहेबांच्या इतक्या वर्षांच्या खोदकामातून तो परत आला होता. भिंत उतरली आणि उजेड प्रथमच नदीकडून त्या खोलीत आला, तेव्हा मी दारातच उभी राहिले. एवढी मोठी नदी! इतकी वर्षं ही माझ्या उशाशी होती?

ओळ वाचली. आता काय आहे ते तुम्ही रोज बघता. नावा येतात, लोक येतात, कारखान्याच्या चिमणीचा फोटो काढतात, ओळीतल्या खिडक्यांचाही काढतात. नदी आत आली, तिच्यामागून प्रवासी आले. माझ्या स्वयंपाकघरात डोकावतात, त्यांनी ते करू नये. पहिल्या वर्षी एकाने आम्हाला विचारलं, "ही नदी कोणत्या दिशेला वाहते?" ओळीतल्या कुणालाही सांगता आलं नाही. आम्ही भांडलो, मग एक पान पाण्यात टाकून पाहिलं. सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. चहा महाग झालाय, आणि धक्क्यावरची दोन बाकं मोडली आहेत, अध्यक्ष महोदय, ती उद्या दुरुस्त व्हावीत. पण या शेडमध्ये माणसं लग्नाचे फोटो काढायला येतात. इथे! कातड्यांच्या आकड्यांखाली! मी अजून थांबून बघते.

फोरमन आता प्रवाशांना हौदांची फेरी मारून दाखवतात. निम्मं खोटं सांगतात. मी मागून दुरुस्त करत जाते. लोकांना तेच जास्त आवडतं, असं ऐकते.

साहेब, ओळीने ठरवलं होतं की तुम्हाला आज ती पहिली वीट भेट द्यायची. कोरून, पितळेची पट्टी लावून. काल मी ती मागायला गेले. फोरमन द्यायला तयार नाहीत. म्हणाले, नदीवरून वारा सुटला की खिडकी आपटते, ती वीट झडपेला लावायला लागते. खिडकी बंद ठेवायचा विषयच नाही म्हणाले. तेव्हा भेट म्हणून पट्टी तेवढी आणली आहे. विटेची जागा मोकळी ठेवली आहे. वीट बघायची असेल तर घरी या. यायच्या आधी बुटांचं पॉलिश बदला.

माझं बोलणं लांबलं. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी दोनदा घड्याळ दाखवूनही खाली बसवलं नाही, त्याबद्दल मी आपली आभारी आहे. कुणाला काही लागलं असेल तर मनात ठेवू नका, सवयीने बोलले. साहेबांना आणि वहिनींना पुढच्या दिवसांसाठी शुभेच्छा. नमस्कार.